कुऱ्हाड घासायचा खडक बघायला बल्लारीला का जायचं

मंडळी, आज स्लाइड्स मुद्दाम कमी आणल्यात, कारण या दगडांचे फोटो दुपारच्या उन्हात काढले की नुसता सपाट खडक दिसतो आणि लोक म्हणतात, हे काय दाखवताय राव.

नवाश्मयुगात दगडाच्या कुऱ्हाडी करायचे एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण ज्या खडकावर त्या घासून गुळगुळीत केल्या तो खडक बऱ्याच ठिकाणी अजून जागेवर आहे, आणि घासून घासून पडलेल्या खोबणी त्याच्यावर तशाच आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही. कुऱ्हाड जाते म्युझियमच्या काचेत, खडक कुठं जातोय, तो बसलाय माळावर. फ्रान्समध्ये असे खडक भरपूर आहेत, तिथल्या खेड्यांत लोक सांगायचे की ही संताच्या बोटांची नाहीतर सैतानाच्या नखांची खूण. म्हणजे आपल्याकडं भीमानं गुडघा टेकला तसंच. इंग्लंडमध्ये मात्र जागचा न हललेला असा एकच माहीत होता, आणि दुसरा डॉर्सेटमध्ये सापडल्याचं २०२२ साली जाहीर झालं. एवढी अप्रूपाची गोष्ट तिकडं, आणि आपल्याला मिरजेतनं रेल्वेनं जाता येतं, पण जात कुणी नाही.

जायचं बल्लारीला. शहराच्या जवळच संगनकल्लू गाव, त्याच्या शेजारी ग्रॅनाइटच्या टेकड्या, त्यातली मोठी हिरेगुड्डा, तिलाच कुपगलची टेकडी पण म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट, हा जिऑलॉजिकल सर्व्हेचा माणूस, चेन्नईजवळच्या पल्लावरमला १८६३ मध्ये दगडी हत्यार सापडलं ते यालाच, त्यानं बल्लारीचा हा भाग पिंजून काढला आणि इथं कुऱ्हाडी बनत होत्या हे ओळखलं. पुढं १९४० च्या दशकात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुब्बाराव यांनी संगनकल्लूला उत्खनन केलं, आणि या शतकात रवी कोरीसेट्टर आणि निकोल बोइव्हिन यांच्या टीमनं परत सगळं तपासलं. इसवी सनापूर्वी १४०० ते १२०० च्या सुमाराला तिथं कुऱ्हाडीचं काम जोरात होतं, घरापुरतं नव्हे तर चांगला कारखानाच म्हणा.

आता मला नेहमी विचारतात, आपल्याकडं साताऱ्या-सांगलीला एवढा काळा दगड असताना बल्लारीलाच का? याचं उत्तर दगडातच आहे. कुऱ्हाडीला लागतो चिवट, बारीक कणांचा काळा दगड, डोलेराइट. आपला बेसॉल्ट त्याचा सख्खा भाऊच, लाव्हा वर येऊन थंड झाला की बेसॉल्ट, आणि भेगेत अडकून जरा सावकाश थंड झाला की डोलेराइट. म्हणजे कुऱ्हाडीचा माल आपल्याकडं पण होता, नेवाशाला घासलेल्या दगडी कुऱ्हाडी सापडल्यात. पण घासायला त्याच्यापेक्षा कडक काहीतरी पाहिजे ना. ते म्हणजे क्वार्ट्झ, गारेचं खनिज, कडकपणाच्या एक ते दहा मोजपट्टीवर सात नंबर, आणि आपल्या काळ्या कातळात तो जवळपास नाहीच, पोकळ्यांत गारगोट्या असतात तेवढ्याच. घरचा पाटा आठवा, काळ्या दगडाचा, वाटून वाटून गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायला लागते, नाहीतर मसाला नुसता सरकतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झचे दाणे ठासून भरलेले, त्यात वर वाळू आणि पाणी टाकायचं आणि घासायचं. आणि हिरेगुड्ड्यावर गंमत अशी की ग्रॅनाइटच्या टेकडीतनंच डोलेराइटची काळी भिंत आरपार गेलीय. फोडायचा दगड आणि घासायचा दगड एकाच जागी, मग कारखाना दुसरीकडं कशाला टाकतील!

काम कसं चालायचं, तर आधी ठोकून ढलप्या काढून आकार द्यायचा, मग टोचून टोचून उंचवटे बसवायचे, आणि शेवटी घासायचं. त्यातलं घासणं सगळ्यात वेळखाऊ. ते नुसतं दिसायला छान म्हणून नाही, ढलपी निघालेल्या जागेतनं चीर सुरू होते, ती जागा घासून टाकली की धार लवकर फुटत नाही, आणि बोथट झाली तर परत घासता येते.

खोबण जवळनं बघा. बाहेरचा ग्रॅनाइट खरखरीत, हात फिरवला तर चामडी सोलेल असा, आणि खोबणीच्या काठावरनं बोट आत गेलं की एकदम सरकतं, कारण क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, म्हणजे ग्रॅनाइटमधलं दुसरं खनिज, यांचे सगळे दाणे एका लेव्हलला कापले गेलेत. मधे सगळ्यात खोल, दोन्ही टोकांना उथळ होत होत खडकात विरून जाते. रुंद पसरट असेल तर कुऱ्हाडीची बाजू घासलेली, अरुंद खोल असेल तर कडा. बघायचं सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरप्या उन्हात, आणि थोडं पाणी शिंपडायचं, खडू अजिबात फासायचा नाही.

मागनं कुणीतरी विचारलं, विहिरीच्या काठावर असतात त्या खाचा तसल्याच का? नाही. दोराची खाच दगडाच्या काठावरनं खाली उतरते, तिला काठ लागतोच. कोयत्याला धार लावलेल्या रेघा बारीक आणि तोकड्या असतात, आणि उखळ गोल असतं. टेकडीवर कोरलेले लांब शिंगांचे बैलही भरपूर आहेत, ते वेगळे, आणि वाजवले की घंटेसारखे घणघणणारे काळे दगड आहेत तेही वेगळे, त्यांच्यावर एक अख्खं भाषण होईल.

खडीवाल्यांनी त्या टेकडीचा काही भाग फोडून नेलाय, त्यामुळं बघायचं तर लौकर बघा. आधी बल्लारीतलं फूटच्या नावाचं म्युझियम बघा, तिथं चौकशी करून मगच टेकडीवर जा, वाट माहिती असलेला गावचा माणूस बरोबर घ्या. गाडी हुबळी, गदग, होस्पेट करत जाते. थंडीतच जा, एप्रिलमध्ये त्या ग्रॅनाइटवर बूड टेकवता येत नाही.