मुलांच्या शाळेचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. मुलाबाळांसह वर्षानुवर्षं शिडाच्या बोटीवर राहणारी कुटुंबं जगात आहेत. त्यांना जो तो हेच विचारतो, मुलांच्या शाळेचं काय?

समुद्र शिकवतो, असं उत्तर मिळतं. शिकवतोच. भर दुपारी सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची, नाविक पंचांग उघडायचं आणि अक्षांश काढायचा. कोनात एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, की नकाशावर बोट एक सागरी मैल, म्हणजे 1852 मीटर सरकली! आपल्याकडे कोनमापक परीक्षेपुरता कंपासपेटीतून बाहेर येतो, याचं मला फार वाईट वाटतं. भूमिती अंगणात शिकवावी, हे मी नेहमी म्हणत आले आहे.

पण समुद्र सगळं शिकवत नाही. पुन्हा सांगते, सगळं शिकवत नाही.

ही हकिगत ऐका. 1976 साल. अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक, त्याच्या तिसऱ्या सफरीला दोनशे वर्षं झाली, म्हणून त्याच्या मार्गाने जायला इंग्लंडमधल्या प्लिमथहून 'वेव्हवॉकर' ही शिडाची बोट निघाली. बोटीवर आईवडील, सात वर्षांची सुझॅन आणि तिचा धाकटा भाऊ. तीन वर्षांत परतायचं, असा बेत. हिंदी महासागरात एक प्रचंड लाट बोटीवर कोसळली. सुझॅनच्या कवटीला तडा गेला. मोडकी बोट कशीबशी इल आम्स्टरडॅम या चिमुकल्या फ्रेंच बेटाला लागली आणि तिथे, भूल न देता, त्या पोरीच्या डोक्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. पोर वाचली. सफर मात्र थांबली नाही. तीन वर्षांची जवळजवळ दहा वर्षं झाली.

आणि शाळा? पुढे सुझॅनने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पत्रद्वारा शाळेत नाव घातलं. धडे टपालाने यायचे, सोडवलेल्या वह्या बंदर येईल तेव्हा जायच्या. मध्ये आठवडेच्या आठवडे नुसतं पाणी. त्यात स्वयंपाक, आवराआवर. कधी न पाहिलेल्या मुलीची वही तपासून परत धाडणाऱ्या त्या शिक्षकांना माझा नमस्कार. असल्या शिक्षकांचा सत्कार कुणी करत नाही, करायला हवा.

सोळाव्या वर्षी ती आणि भाऊ न्यूझीलंडमध्ये रोटोरुआच्या तळ्याकाठी राहिले, आईवडील समुद्रावर. भावाला रांधून घालायचं आणि एकटीने अभ्यास करायचा. तिथूनच तिने इंग्लंडमधल्या विद्यापीठांना पत्रं लिहिली. ऑक्सफर्डने तिला मुलाखतीला बोलावलं आणि प्राणिशास्त्राला प्रवेश दिला!

आज उपग्रहामुळे बोटीवर इंटरनेट मिळतं, धडे क्षणात येतात. पण अभ्यासाचा वेळ उपग्रहावरून येत नाही. तो घरच्यांनी द्यायचा असतो. म्हणून मुलांना घेऊन निघणाऱ्यांनो, नांगर टाकलेला असो की शीड फुगलेलं, सकाळचे दोन-तीन तास अभ्यासाचे. तेवढ्यात दोर ओढायला मुलाला हाक मारायची नाही, आणि भाजी चिरायला मुलीलाही नाही.