कोब्रासारखी दिसणारी गाडी आणि तिचा विमा

नमस्कार श्रोतेहो.

लांब बोनेट, फुगलेले मडगार्ड, दाराखालून मागे जाणारे एक्झॉस्टचे जाडजूड पाइप. अशी गाडी पेट्रोल पंपावर थांबली की कोणीतरी विचारतंच, "कोब्रा ना?" आणि मालक हसून मान डोलावतो. पंपावर ते ठीक. विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर तीच मान डोलावली, तर दाव्याच्या वेळी रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

मूळ कोब्रा ही एसी नावाच्या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९६७ या काळात बनली, तीही साधारण हजारभर. पोर्शच्या ५५० स्पायडर तर जेमतेम नव्वद निघाल्या. आज रस्त्यावर या रूपात दिसणाऱ्या बहुतेक गाड्या नंतर कोणीतरी फायबरचा साचा काढून, स्वतंत्र चासीवर, मिळेल ते इंजिन बसवून तयार केलेल्या आहेत. अशा नकलेला रेप्लिका म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही. कित्येक रेप्लिकांचे ब्रेक मुळापेक्षा चांगले असतात. फक्त विमा कंपनीच्या लेखी ती वेगळी वस्तू आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की वजन, इंजिन, किंमत, सुट्या भागांचे दर हे सगळं कंपनीकडे आधीच नोंदलेलं असतं. रेप्लिकेच्या बाबतीत तो रकाना कोरा असतो आणि तो तुम्हीच भरायचा असतो. हप्ता किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

तर सुरुवात नोंदणीपत्रापासून. त्यावर गाडीचा उत्पादक म्हणून कोण लिहिलंय? किट, म्हणजे गाडी जोडायच्या भागांचा संच, बनवणारी कंपनी, की जिच्यावरून चासी घेतली ती जुनी गाडी? आणि साल कुठलं, बांधणीचं की मूळ चासीचं? जे तिथं आहे तेच फॉर्मवर जसंच्या तसं लिहा, आणि शेजारी "अमुक गाडीची रेप्लिका, अमुक किटवर, अमुक साली बांधलेली" अशी ओळ घालायला लावा. संगणकाच्या यादीत 'रेप्लिका' नाही म्हणून एजंट सोयीसाठी मूळ गाडीचं नाव निवडतो, हे फार वेळा घडतं. तिथं थांबवायचं त्याला. विम्याच्या करारात माहिती खरी आणि पूर्ण देण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्यावर असते. चुकीची ओळख दिली गेली तर पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द ठरू शकते, मग चूक एजंटच्या बोटांची का असेना.

ओळखीचा गुंता किती खोल जातो त्याचं एक उदाहरण घ्या. पोर्श ३५६ स्पीडस्टरच्या पुष्कळ रेप्लिका फोक्सवॅगन बीटलच्या तळपत्र्यावर बांधल्या जातात. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर, आणि ३५६ चं २१००. म्हणजे तळपत्रा मधोमध कापून सुमारे ३०० मिलिमीटर कमी करायचा आणि पुन्हा वेल्डिंग करून जोडायचा. कागदावर गाडी अजून बीटलच. पण अपघातानंतर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, खाली वाकून पाहतो तेव्हा त्याला तो सांधा दिसतो आणि फॉर्मवर त्याचा उल्लेख नसतो. म्हणून कापलेली चासी, बदललेलं सस्पेन्शन, दुसऱ्या गाडीचे ब्रेक, हे सारं आधीच लेखी द्यायचं. इंजिनाचं तर विशेष. कोब्रासारख्या गाडीत ४.७ लिटरचं व्ही-८ आहे की ७ लिटरचं, यावर जोखमीचा अंदाज पार बदलतो. घनक्षमता, कार्ब्युरेटर की इंजेक्शन, अश्वशक्ती कुठे मोजली, इंजिन क्रमांक, सगळं लिहा. दोन वर्षांनी मोठं इंजिन बसवलं तर तेही कळवा, आणि बसवण्याआधी कळवा.

आता किमतीकडे येऊ. खरी मेख इथं आहे.

पॉलिसीत गाडीची किंमत तीन तऱ्हांनी धरली जाते. पहिली, बाजारभाव. गाडी गेली की त्या दिवशी तिची जी किंमत असेल ती मिळणार. रोजच्या गाडीला हे चालतं, कारण तशाच शंभर गाड्या विकायला असतात. तुमच्या रेप्लिकेसारखी दुसरी नाही; मग बाजारभाव ठरवणार कशावरून? बहुधा नोंदणीपत्रावरच्या जुन्या गाडीवरून, घसारा वजा करून. बीटलच्या भावात स्पीडस्टर गेली म्हणून समजा. दुसरी तऱ्हा, ठरलेली किंमत: कंपनी आणि तुम्ही आधीच एक आकडा मान्य करता, आणि गाडी पूर्ण नष्ट झाली तर डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, वजा जाता तोच मिळतो. आपल्याला हवी ती ही. तिसरी तऱ्हा दिसायला दुसरीसारखीच असते आणि तिथंच लोक फसतात. तिच्यात आकडा तुम्ही सांगता, कंपनी छापते, त्यावर हप्ताही घेते. पण बारीक अक्षरात असतं की भरपाई "नमूद किंमत किंवा प्रत्यक्ष बाजारमूल्य, यांपैकी कमी असेल ती". म्हणजे वरचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा. "यांपैकी कमी" हे शब्द पॉलिसीत बोट ठेवून शोधा. सापडले, तर ती ठरलेली किंमत नव्हे.

हप्ता वाचवायला किंमत मुद्दाम कमी दाखवायचा मोहही टाळा. पुष्कळ करारांत प्रमाणशीर भरपाईची अट असते. गाडीची किंमत १०० धरा, विमा ६० चा काढलाय, आणि अपघातात नुकसान झालं २० चं. लोकांना वाटतं, २० तर ६० च्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. मिळतात १२. विमा साठ टक्के, म्हणून प्रत्येक लहानमोठ्या नुकसानीचेही साठच टक्के.

ठरलेल्या किमतीला पुरावा लागतो. रेप्लिकावाल्या मंडळींना एकच आग्रहानं सांगावंसं वाटतं: फाइल करा. किटची, इंजिनाची, गिअरबॉक्सची, चाकांची, रंगकामाची, गाद्यांची बिलं. गाडीचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, चारही कोपऱ्यांतून फोटो. बोनेटखाली, डिकीत, डॅशबोर्डवर किलोमीटरचा आकडा दिसेल असा, खालून चासीचे, आणि चासी क्रमांक व इंजिन क्रमांकाचे अगदी जवळून. बांधणी चालू असतानाचे फोटो सोन्याच्या मोलाचे, कारण फायबर चढल्यावर आतली चासीची नळी कोणाला दिसत नाही. वर या प्रकारच्या गाड्या जाणणाऱ्या मूल्यांककाचा लेखी अहवाल, दर दोन-तीन वर्षांनी नवा.

यात एक बारकावा. गाडी तुम्ही स्वतः बांधली असेल तर बिलांची बेरीज तिच्या किमतीहून कमी भरू शकते. तुमच्या शेकडो तासांच्या मेहनतीचं बिल कोणी फाडलेलं नसतं. पण तीच गाडी पुन्हा उभी करायला कारागीर लावावे लागतील आणि ते फुकट राबणार नाहीत. म्हणून मूल्यांककाला सांगायचं की मजुरी वेगळी दाखव. आणि फाइलची एक प्रत गाडीपासून दूर ठेवा. गॅरेज जळालं तर फाइलही त्यातच नको.

दुरुस्तीचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पत्र्याच्या गाडीला ठोकर बसली की पत्रा चेपतो आणि तिथंच थांबतो. फायबर चेपत नाही, तो धक्का पुढे पाठवतो. नाकावर हलकी धडक बसते आणि तडा दाराच्या कोपऱ्याशी निघतो. किंवा जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात, त्याही आठवड्यानं. फायबरचा अनुभव नसलेला सर्व्हेअर त्यावर "पॉलिश करून घ्या" असा शेरा मारून निघून जातो. खरं काम असतं ते आतून थर घासून, नवे थर चढवून, बाहेरून जेलकोट भरण्याचं, आणि तेवढ्यात चासीचे कर्ण मोजून ती वाकली नाही ना हे पाहण्याचं. रंग जेलकोटमध्येच मिसळलेला असेल तर उन्हानं तो वर्षागणिक उतरलेला असतो, आणि नवा तुकडा ठिगळासारखा वेगळा दिसतो. तेव्हा विमा घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा. दुरुस्ती करणारा मी निवडू शकतो का? सर्व्हेअर फायबरच्या गाड्यांचा जाणकार असेल का? आणि रंग जुळत नसेल तर शेजारच्या भागांच्या रंगाचा खर्च कोणाचा?

चौथाही प्रश्न आहे, अवशेषांचा. साध्या गाडीचा चुराडा भंगारात गेला तर कोणी हळहळत नाही. रेप्लिकेत बॉडी फुटली तरी इंजिन, गिअरबॉक्स, चाकं शाबूत असू शकतात आणि गाडीच्या किमतीचा मोठा वाटा त्यांतच असतो. पूर्ण नुकसान ठरल्यावर अवशेष ठेवून घेण्याचा हक्क आणि त्यासाठी भरपाईतून किती टक्के कापणार, हे पॉलिसीतच लिहून घेतलेलं बरं. नंतर घासाघीस करताना बाजू तुमची लंगडी असते.

वापराच्या अटी. हौशी गाड्यांच्या पॉलिसी स्वस्त का असतात? गाडी कमी फिरते या गृहीतावर. म्हणून वर्षाला किलोमीटरची मर्यादा असते, रोजच्या कामाला न्यायची मनाई असते, घरात दुसरी रोजची गाडी हवी असते, आणि रात्री कुलपाच्या गॅरेजात ठेवण्याची अट असते. शेवटच्या अटीत सहलीला गेल्यावर हॉटेलच्या आवारातल्या रात्रीचं काय, हे विचारून ठेवा. यातल्या बऱ्याच गाड्यांना काचा नाहीत, दाराला कुलूप नाही, छत असलंच तर कापडी. मग "गाडी कुलूपबंद असावी" हे छापील वाक्य पाळणार कसं? त्याऐवजी इमोबिलायझर (चोराला इंजिन सुरू करू न देणारं यंत्र), बॅटरीचा कटऑफ किंवा ट्रॅकर चालेल असं कंपनीकडून लिहून घ्यायचं. नंतर तो ट्रॅकर बंद पडला तर दावाही अडतो, एवढं लक्षात असू द्या.

शर्यतीच्या सर्किटवर गाडी पळवायची हौस असेल तर नेहमीची पॉलिसी तिथं बहुधा लागू नसते. शर्यत आणि वेळ लावून केलेली फेरी तर नाहीच, पण नुसता सरावाचा दिवसही वगळलेला असतो. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची २०.८ किलोमीटरची जुनी वाट तिकीट काढून कोणालाही चालवता येते, टोलच्या रस्त्यासारखी. तरीही कित्येक पॉलिसी तिचं नाव घेऊन तिला वगळतात. सर्किटच्या दिवसापुरतं वेगळं संरक्षण मिळतं, पण त्याचं डिडक्टिबल दणदणीत असतं आणि सर्किटच्या कठड्याचं नुकसान त्यात धरलंय का ते पाहावं लागतं.

गाडी अजून बांधून व्हायची असेल तर थांबू नका. अर्धवट गाडी चालत नसली तरी जळू शकते आणि चोरीला जाऊ शकते. बांधणीच्या काळासाठी आग, चोरी आणि वाहतूक यांचा विमा असतो; त्यात नुसती चासी नव्हे, फळीवर ठेवलेलं इंजिन आणि खोक्यांतले सुटे भागही धरले जावेत आणि भाग येत जातील तशी रक्कम वाढवता यावी. बांधून झालेली गाडी काही महिने उभी ठेवणार असाल तर त्या मुदतीत फक्त आग आणि चोरीचं संरक्षण ठेवून हप्ता कमी करता येतो. पण त्या काळात "बॅटरी उतरू नये म्हणून" गल्लीत एक चक्कर मारलीत, तर ती चक्कर विनाविम्याची.

आगीचं नाव निघालंच आहे तर हेही सांगतो. घरी ओढलेली वायरिंग, फ्यूज नसलेली पंपाची तार, जुन्या रबरी नळ्या आणि गळका कार्ब्युरेटर ही या गाड्यांच्या आगीची नेहमीची कारणं. पॉलिसी निष्काळजीपणाचं नाव काढून हात आखडते, तेव्हा नळ्या कधी बदलल्या याचं बिल फाइलमध्ये असलेलं कामी येतं.

एक शेवटचं, टोइंगचं. रस्त्यात मदतीचं कलम वाचताना गाडी सपाट ट्रकवर चढवून नेणार का ते पाहा. हुकानं पुढून उचलली तर जमिनीलगतचं नाक आणि खालचे पाइप तिथंच मोडतात, आणि ते नुकसान अपघाताचं नाही म्हणून दोन्हीकडून हात वर होतात. मदतीला आलेल्या माणसाला गाडी कुठून उचलायची ते ठाऊक नसतं. उचलायच्या जागांचा एक फोटो मोबाईलमध्ये असू द्या, आणि गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून घ्या.

नमस्कार.