पाचव्या पानावरचा चिंचोका

(दृश्य : सारवलेलं अंगण. चिंचोक्यांचा ढीग. चार वर्षांच्या मुलीचे हात.)

पळसाची पाच पानं मांडून झालीत. पंगत बसलीय. ती प्रत्येक पानावर दोन-दोन चिंचोके वाढतेय. हा भात. पाचव्या पानापाशी आली आणि मुठीत एकच चिंचोका उरला. थांबली. पानाकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं. मग ढिगाकडे जाऊन नेमका एक उचलून आणला आणि वाढला.

दोनातून एक गेला तर किती, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. पाहुणा अर्धपोटी उठेल, एवढीच तिला काळजी होती.

(दृश्य : बोर्डीचा किनारा, ओल्या वाळूतले शिंपले. ताराबाई आणि अनुताईंची जुनी छायाचित्रं.)

१९४५ सालचा डिसेंबर. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक मुंबईहून समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिर चालवलं होतं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता. मूल साधनं हाताळत स्वतःच शिकतं, हा इटलीच्या मारिया मॉन्टेसरींचा विचार त्यांना मनापासून पटला होता. पण त्या पद्धतीची साधनं महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, रंगीत मणी खेड्यातल्या बालवाडीला कसे परवडणार?

मग शिंपले आले. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायला. गुळगुळीत कोणता, खरखरीत कोणता, हे डोळे मिटून बोटांनी ओळखायला. गोटे आले, बिया आल्या, पानं आली, चिखल आला. समुद्र आणि रान मिळून साधनांची पेटी झाली. ताराबाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी पद्धतीचा गाभा धरला आणि सामान गावातलं घेतलं.

तरी काही पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांच्या नावातून हा शब्द गावोगाव पोचला.

(दृश्य : कोसबाडची टेकडी. चरणारी गुरं.)

बोर्डीहून काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. बोर्डीपासूनच ताराबाईंच्या सहकारी असलेल्या अनुताई वाघ १९९२ साली जाईपर्यंत याच कामात राहिल्या. इथल्या वारली मुलांच्या मागे गुरं होती. काहींच्या कडेवर धाकटं भावंड. शाळेची घंटा त्यांच्यासाठी नव्हतीच. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे ताईला शिकता येईल आणि बाळही जवळ राहील. आणि गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा. गुरं चरताहेत, सावलीत गाणी चाललीत, खडे मोजले जाताहेत. ही मुलं रानातली झाडं-पाखरं जन्मापासून ओळखत होती. त्यांचं हे ज्ञान शाळेने पहिल्यांदाच मोजलं.

(दृश्य : शहरातला वर्ग. पेन्सिल घट्ट धरलेली इवली मूठ.)

आणि आज? ‘नुसतं खेळवतात, शिकवत काही नाहीत’ ही पालकांची तक्रार प्रत्येक बालवाडीताईने ऐकलेली आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल दिली जाते आणि रेघेवर ‘अ’ गिरवून मागितला जातो. त्या वयात मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. माती मळताना, मणी ओवताना, ओलं फडकं पिळताना तीच बोटं तयार होत असतात. हे शिकणंच आहे, आणि ते मुलांकडून हिरावून घेतलं जातं, याचं फार वाईट वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यभागी बसवलं. कागदावर तरी ते झालं. वर्गात ते उतरायचं तर ताईजवळ वेळ हवा, आणि मुलं कमी हवीत.

(दृश्य : पुन्हा अंगण.)

जेवणं उरकली. पानं गोळा झाली. आता एका करवंटीत माती कालवलीय, काडीने ढवळणं चाललंय. करवंटी दोन्ही हातांनी सांभाळत ती उंबऱ्यापाशी येते.

‘ताई, चहा घे. फुंकून पी हां, कढत आहे.’

ताई फुंकर घालते.