विरंगुळ्याच्या खोलीतला छोटा ओटा

श्रोतेहो, नमस्कार.

घरात खेळण्यासाठी, चित्रपट पाहण्यासाठी, चार माणसांनी एकत्र बसण्यासाठी वेगळी खोली असली, तरी तिथे एक अडचण हमखास येते. खेळ रंगात आला की कोणाला पाणी हवे असते, कोणाला चहा, कोणाला बर्फ. आणि ज्याने सगळ्यांना बोलावले तोच अर्धा वेळ स्वयंपाकघराच्या वाटेवर असतो. त्या माणसाला खोलीत बसू देणे एवढ्याच हेतूने तिथे एक छोटा ओटा करायचा असतो आणि त्याची आखणी करताना प्रत्येक निर्णय याच हेतूशी ताडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

म्हणून कपाटांचे रंग निवडण्याआधी एक कागद घ्या आणि गेल्या तीन-चार बैठकांमध्ये खोलीबाहेर जावे लागले ते कशासाठी, ते लिहून काढा. बहुतेकांच्या यादीत थंड पाणी, गरम पेय, काहीतरी पुन्हा गरम करणे, पेले विसळणे आणि कचरा टाकणे एवढेच निघते. प्रत्यक्ष स्वयंपाक त्या यादीत क्वचितच असतो आणि तो इथे आणूही नये. तळणीचा वास आणि तेलाची वाफ सोफ्याच्या कापडात व पडद्यांत मुरते, शिवाय दारे-खिडक्या लावून चित्रपट पाहण्याच्या खोलीत उघडी ज्योत मला धोक्याचीच वाटते. विजेची किटली, लहान मायक्रोवेव्ह आणि ओट्याखाली बसणारा फ्रिज एवढ्यात काम भागते.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा आहे, आणि या विषयात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नळाचे पाणी दाबाने येते, त्यामुळे त्याचा पाइप वर-खाली, वळणे घेत कुठेही नेता येतो. सांडपाणी मात्र केवळ उताराने वाहते आणि त्याच्या पाइपाला दर मीटरला साधारण २ ते २.५ सेंटीमीटर उतार द्यावा लागतो. सिंक सांडपाण्याच्या मुख्य नळापासून ४ मीटर दूर ठेवले, तर ८ ते १० सेंटीमीटरचा उतार कुठून तरी काढावा लागतो; म्हणजे एकतर फरशी फोडायची, नाहीतर पाइप भिंतीवरून उघडा न्यायचा. म्हणून ज्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर आहे, त्याच भिंतीला पाठ लावून ओटा करणे शहाणपणाचे. खोली तळघरात असेल आणि सांडपाण्याचा नळ तिच्यापेक्षा उंचावर असेल, तर पंप बसवावा लागतो, आणि तो दर वेळी आवाज करतो. यांपैकी काहीच जमत नसेल, तर सिंक गाळून टाकावे. झाकणाचे मोठे भांडे, त्याला तोटी, खाली ताट आणि उष्टे पेले नेण्यासाठी एक टोपली, एवढ्यावरही ओटा उत्तम चालतो.

सिंक केले, तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची. सिंकखालच्या वाकड्या पाइपात, ज्याला प्लंबर ट्रॅप म्हणतात, साधारण ५ सेंटीमीटर पाणी साठून राहते आणि तेच गटाराची दुर्गंधी वर येऊ देत नाही. रोजच्या सिंकमध्ये ते पाणी आपोआप भरले जाते, पण विरंगुळ्याच्या खोलीतले सिंक कित्येक आठवडे कोरडे पडते आणि ते पाणी उडून जाते. आमच्या घरी ओटा झाल्यावर दोनेक महिन्यांनी खोलीत कुबट वास यायला लागला. आम्ही फ्रिज रिकामा करून पुसला, कपाटांचे खण उन्हात वाळवले, गालिचाही बाहेर काढला. शेवटी आलेल्या प्लंबरने सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतले आणि संध्याकाळपर्यंत वास गेला. तेव्हापासून दर रविवारी तिथे तांब्याभर पाणी ओतण्याचा नेम आम्ही चुकवलेला नाही.

विजेबद्दल थोडक्यात, पण आग्रहाने सांगतो. किटली दीड ते दोन हजार वॅट घेते, मायक्रोवेव्ह हजार वॅटच्या पुढे जातो, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू होण्याची वेळ चित्रपटाच्या मध्यंतराचीच असते. टीव्ही, स्पीकर आणि ओटा एकाच वायरवर असतील, तर एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारी बोर्डावरची कळ, पडून सगळी खोली अंधारात जाईल. ओट्यासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून घ्या, तिच्यावर ३० मिलिअँपिअर वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बसवा आणि प्लग पॉइंट सिंकच्या शिंतोड्यांपासून दूर ठेवा.

मापांकडे वळण्याआधी एका जुन्या स्वयंपाकघराची आठवण करून देतो. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या भोजनडब्यातली चिंचोळी रचना त्यांच्यासमोर होती आणि प्रत्येक हालचालीला किती पावले लागतात याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. आजच्या मापात बसवलेल्या ओट्या-कपाटांची परंपरा तिथून येते. मात्र त्या खोलीत काम करणारी बाई घरच्यांपासून तुटून एकटी पडते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पावले मोजण्याची शिस्त आपण त्यांच्याकडून जरूर घ्यावी, पण आपल्याला इथे नेमके ते एकटेपण टाळायचे आहे.

म्हणून ओटा पडद्यासमोरच्या भिंतीला करू नये, कारण तिथे उभा राहणारा सगळ्यांकडे पाठ करतो. बाजूच्या भिंतीला केला की मान जराशी वळवून खेळही दिसतो आणि गप्पाही ऐकू येतात. लांबी १.८ मीटर पुरते. त्यात सिंकला ४० ते ४५ सेंटीमीटर आणि मायक्रोवेव्हला जवळपास ५० सेंटीमीटर गेले, तरी पेले मांडायला हातभर मोकळी जागा राहते, आणि ती मोकळी जागाच ओट्याचा प्राण आहे. ओटा पुढून मागे ६० सेंटीमीटर असावा, उंची साधारण ९०. पण ओट्याखाली ठेवायचा फ्रिज आधी निवडा, त्याचे माप आणि मागे हवेसाठी लागणारी जागा कागदावर घ्या आणि मगच उंची पक्की करा. कडप्पा बसल्यावर फ्रिज अर्ध्या बोटाने अडतो, तेव्हा काहीच करता येत नाही. फ्रिज घेताना त्याचा आवाजही दुकानात कान लावून ऐका, कारण शांत प्रसंग पाहताना तीच घरघर सर्वांत आधी कानाला टोचते. ओट्यावरच्या दिव्याला वेगळे बटण आणि मंद करण्याची सोय असावी, म्हणजे पाणी ओतताना पडद्यावर उजेड पडत नाही.

खेळाच्या टेबलाचेही गणित याच वेळी करायला हवे. टेबल टेनिसचे टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद असते आणि दोन्ही टोकांना खेळाडूला मागे सरकायला जागा लागते. त्या जागेत फ्रिजचे दार उघडत असेल, तर पहिल्याच आठवड्यात कोणाचा तरी कोपर फुटेल.

हे सगळे कागदावर जमले, तरी सुताराला लगेच बोलावू नका. फरशीवर खडूने ओट्याची आखणी करा, उघडणाऱ्या दारांचे अर्धगोल काढा, त्या जागी एक साधे टेबल मांडून त्यावर किटली आणि पेले ठेवा, आणि नेहमीच्या मंडळींना एक संध्याकाळ बोलवा. कोण कुठे थबकते, कोणाला वाट द्यावी लागते, उष्टे पेले नकळत कुठे ठेवले जातात, ते पाहत राहा. मंडळी गेल्यावर त्याप्रमाणे खडूच्या रेघा पुसून नव्याने काढा आणि सुताराला त्या रेघा दाखवा.

नमस्कार.