एक रुपया कमी, एक रुपया जास्त

(ग्राहक दिनाच्या कार्यक्रमातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'किमतीचं मानसशास्त्र' असा छापलाय. ते नाव आयोजकांचं. मला खरं तर फक्त एका रुपयाबद्दल बोलायचंय. पण तसं छापलं असतं तर तुम्ही घरीच बसला असतात, त्यामुळे आयोजकांनीही आपल्या परीनं मार्केटिंग केलंय असं समजा.

आता मला सांगा, लग्नात रोख पाचशेचा आहेर कोणी केलाय? हात वर करा. बघा, एकही हात नाही! पाचशे एक. पाकिटावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं, म्हणजे आपण विसरायलाही नको. का, तर शून्यावर रक्कम आली की व्यवहार संपला, एक वर ठेवला की तो चालू राहतो, असं आपल्याकडे मानतात. देवाचंही तेच. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापानं, दक्षिणा सव्वा रुपया. ३० जून २०११ ला सरकारनं चार आणे चलनातून काढून घेतले, तेव्हापासून सव्वा रुपया देवालासुद्धा रोखीनं देता येत नाही. तो बिचारा तेव्हापासून अकरावर आलाय. चांगलं झालं, दक्षिणेत एवढी वाढ आम्हा मास्तरांना कुठल्या वेतन आयोगात मिळाली नाही.

असो. तर देताना आपण पाचशे एक देतो आणि दुकानदार मागतो चारशे नव्व्याण्णव. या दोन रुपयांच्या अंतरात काय दडलंय, हा माझा आजचा प्रश्न.

याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: 'काही नाही हो, गिऱ्हाइकाला फसवतात.' मला ते पटत नाही. फसवणूक व्हायला समोरच्याला माहीत नसावं लागतं. इथे तर शाळेतलं पोरही सांगेल की ४९९ म्हणजे पाचशे. माझ्या पिढीनं हा प्रकार बाटाच्या दुकानात पाहिला. चपलेच्या खोक्यावर एकोणपन्नास रुपये पंच्याण्णव पैसे! वडील पन्नासची नोट द्यायचे आणि पाच पैसे मोजून परत घ्यायचे. हे बाटा मूळचे झ्लिन गावचे, आजच्या चेक प्रजासत्ताकातले. १८९४ साली त्यांनी तिथे कारखाना काढला. तिकडचे लोक नऊवर संपणाऱ्या किमतीला आजही बाटाची किंमत म्हणतात. म्हणजे शंभर वर्षं हे चाललंय, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी चालतंय. जे उघड असूनही चालतं, त्यात गिऱ्हाइकाचाही काहीतरी हिस्सा असणार.

तो हिस्सा कुठला, ते तुळशीबागेत कळतं. तिथे पर्सचे पाचशे सांगितले की आपण दोनशेपासून सुरुवात करायची. तो म्हणणार, 'ताई, माझी खरेदीच नाही एवढ्यात.' आपण पर्स खाली ठेवायची. तो म्हणणार, 'भवानीचा टाइम आहे, अडीचशे बोला.' आपण वळायचं आणि चार पावलं चालायचं. ही चार पावलं फार महत्त्वाची. फार हळू चाललात तर त्याला कळतं, फार भरभर चाललात तर हाक ऐकू येत नाही. मग मागून आवाज येतो, 'बरं, या, सव्वादोनशे द्या.' ही विद्या आमच्या सौभाग्यवतींकडे आहे. मी शेजारी उभा असलो तर भाव उतरत नाही, कारण माझ्या चेहऱ्यावर पाचशे दिसतात. म्हणून मला कोपऱ्यावरच्या रसाच्या गुऱ्हाळात बसवून ठेवतात.

त्या पर्सची खरी किंमत दीडशेही असेल. पण घरी येताना बाई जिंकलेली असते. आता दुकानात पाटी लागली, 'एकच भाव, घासाघीस करू नये.' पुढे मॉल आले, तिथे घासाघीस करायला समोर माणूसच नाही. मग ती जिंकल्याची भावना कुठून आणायची? माझं म्हणणं असं की ९९९ ची चिठ्ठी म्हणजे दुकानदारानं आपल्या वतीनं आधीच केलेली घासाघीस आहे. हजार सांगितले होते, एक रुपयानं उतरला, घ्या. हसू नका, हा सिद्धांत माझा एकट्याचा आहे आणि मी तो बऱ्याच लग्नांत पंगतीला सांगितलेला आहे.

आणि म्हणूनच तो एक रुपया मला परत मिळाला नाही की माझं डोकं फिरतं. हा किस्सा सांगतोच. एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही, ९९९ चा शर्ट घेतला. हजार दिले. काउंटरवरचा मुलगा बिल देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी उभाच.

'काय सर?'

'एक रुपया.'

'सर, सुटा नाहीये. चॉकलेट देऊ?'

म्हटलं, 'मला मधुमेह आहे.'

'मग डोनेट करू?'

'कोणाला?'

'ते सिस्टीममध्ये आहे सर.'

म्हणजे दान माझं, पुण्य सिस्टीमला! तेवढ्यात मागची मुलगी म्हणाली, 'आजोबा, मी देते तुम्हाला रुपया.' सगळी रांग हसली. आता रुपयाचा प्रश्न राहिला नाही, तत्त्वाचा झाला. मी म्हटलं, 'बाळा, हा शर्ट मी त्या एका रुपयासाठी घेतलाय. हजार लिहिले असते तर घेतला नसता, हे तुमच्या साहेबांना माहीत आहे, म्हणून तर त्यांनी ९९९ लिहिलं. तेव्हा तो रुपया तुम्ही मला बोलावण्याचा खर्च आहे, तो माझा.' साहेब आले. फार सभ्य माणूस. त्यांनी खिशातून दहाची नोट काढली आणि विचारलं, 'काका, नऊ सुटे आहेत का?'

शेवटी मिळाला रुपया. कुठून तरी शोधून आणला. पण मग तो मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, 'सर, पिशवी हवी का? सात रुपये.'

याच पिशवीवरून २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचात एक प्रकरण गेलं होतं. बाटाच्याच दुकानात एकानं ३९९ चे बूट घेतले, कागदी पिशवीचे तीन रुपये लावले, बिल झालं ४०२. बघा, तीनशेच्या घरातला माणूस तीन रुपयांत चारशेच्या घरात गेला! शिवाय पिशवीवर जाहिरात कंपनीचीच. मंचानं कंपनीला सगळं मिळून नऊ हजार भरायला लावले. मी तो निकाल वाचून घरी पेढे आणणार होतो, सौभाग्यवतींनी पुन्हा मधुमेहाची आठवण दिली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे.' अहो, माझा मुख्य मुद्दा अजून यायचाय! बरं, पटापट सांगतो.

संशोधन. मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ यांचा २००५ चा निबंध आहे. आपण किंमत डावीकडून वाचतो आणि पहिल्या आकड्याला मन चिकटतं. २.९९ आणि ३.०० डॉलर यांत लोकांना मोठं अंतर वाटलं, ३.५९ आणि ३.६० मध्ये वाटलं नाही. म्हणजे नऊमध्ये जादू नाही, डावीकडचा आकडा बदलण्यात आहे. पण त्याआधी २००३ मध्ये अँडरसन आणि सिमेस्टर यांनी एक गंमत छापली. टपालानं कपडे विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एकच कपडा ३४, ३९ आणि ४४ डॉलरला लावून पाहिला. सगळ्यात जास्त खपला ३९ ला. चौतीसपेक्षाही! इथे डावीकडचा आकडा तोच आहे. म्हणजे लोक नऊ बघून 'उतरलेला भाव' असं वाचतात. हा माझ्या पंगतीतल्या सिद्धांताला पाठिंबा आहे, असं मी तरी धरून चालतो.

दुसरा पाठिंबा जेसी पेनी या अमेरिकन दुकानांचा. २०१२ मध्ये रॉन जॉन्सन या नव्या प्रमुखानं ठरवलं की सेल नको, कुपनं नकोत, नव्व्याण्णव नको, सरळ पूर्ण आकड्यात प्रामाणिक किंमत लावू. त्या वर्षात विक्री सुमारे पाव हिश्शानं घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये साहेब घरी गेले. गिऱ्हाइकाला स्वस्त हवं होतं, पण उतरवून घेतलेलं स्वस्त हवं होतं.

आपल्याकडे हे काम एमआरपी करते. पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची, हा नियम गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आला. याच्या वर घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. पण २,४९९ वर काट मारून खाली ९९९ लिहिलं की ती कमाल किंमत तुळशीबागेतली पहिली बोली होते, आणि तीही कायद्यानं छापलेली. 'पन्नास टक्के अधिक वीस टक्के' ही पाटीसुद्धा तशीच. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे. साठ टक्के झाले, सत्तर नाही. दारावरच्या 'फ्लॅट' आणि 'अपटू' या शब्दांच्या अक्षरांचा आकार तुम्हीच मोजा.

आता मुख्य मुद्दा. आपण रुपयाकडे बघत असतो तेव्हा माप बदललेलं असतं. पाचचा बिस्किटपुडा पाचलाच राहतो, आतलं वजन उतरतं. मंडईतही हेच. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले, तेव्हा पाट्यांवरून किलो गायब झाला. खडूनं ठळक '४०' आणि खाली बारीक 'पाव'. मी भाजीवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'किलोचा भाव सांगितला की माणूस पुढं चालाया लागतो, काका.' त्यांनी कुठला निबंध वाचला नव्हता. पण मावशींच्या बाबतीत चारनं गुणता येतं, तराजू समोर असतो. पुड्याचं वजन कोण लक्षात ठेवतो?

त्यासाठी २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. पाकिटावर मापाप्रमाणे भाव छापायचा, किलोच्या आतल्या वस्तूला ग्रॅममागे, वरच्या वस्तूला किलोमागे. चष्मा लावा आणि शोधा, एमआरपीच्या आसपास असतो. पण समजा वेफर्सवर ०.४० रुपये प्रति ग्रॅम लिहिलंय. चाळीस पैसे! किती किरकोळ वाटतं. हजारानं गुणा, चारशे रुपये किलो. तुम्ही बटाट्याला चारशे देताय. किलोच्या आतल्या पाकिटावरही किलोचाच भाव छापा, अशी आपल्या संघटनेनं मागणी करावी, असं मी सुचवतो. वैधमापनशास्त्राचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, कोणी सभागृहात असेल तर त्यांनी लिहून घ्यावं.

ऑनलाइनचं राहिलंच. शेवटच्या पायरीवर वाढणारे चार्ज, गुपचूप टोपलीत पडणारी वस्तू, 'फक्त दोनच शिल्लक'. असे तेरा प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत नावानिशी दिलेत. हो, हो, अध्यक्ष, बसतोच. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू. पण वेफर्सचा हिशेब ज्यांना पटला नसेल त्यांनी आधी विचारा, पाकीट मी बरोबर आणलंय.