बाळंतिणीचा सव्वा महिना आणि आपली ग्रामपंचायत

नमस्कार, श्रोतेहो.

बाळंतिणीला सव्वा महिना जपायची आपल्याकडे जुनी रीत आहे. शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि जड कामाला हात लावायचा नाही. पण जिच्या मजुरीवर घर चालतं, तिने हा सव्वा महिना कोणाच्या जिवावर पाळायचा? माझ्या मते ही जबाबदारी ग्रामपंचायतीने उचलायला हवी. पैशाची सोयही आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींना तर आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा पैसा, थेट मिळतो.

प्रसूतीआधीची काळजी आता पुष्कळ घेतली जाते. दुर्गम आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं. दिवस भरत आले की गरोदर बाई तिथे चार दिवस आधी येऊन राहते. पण बाळ घेऊन ती घरी परतते, त्यानंतर काय? आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन घेतात, आईला ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, विचारतात. ताईंचं हे काम मोलाचं आहे. पण पाणी भरायला, मोठ्या लेकराला बघायला त्या थांबू शकत नाहीत.

कुपोषित मुलाच्या बाबतीत हे आणखी टोचतं. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला पट्टी लावतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर भरला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. सोबत आजारपण असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस ठेवावं लागतं. आई बरोबर राहते, तिला बुडीत मजुरीही मिळते. तरी कितीतरी आया मूल पुरतं सावरायच्या आत घरी परततात, कारण घरी दुसरं लेकरू असतं, शेळ्या असतात, पेरणी तोंडावर आलेली असते. तिला हट्टी म्हणू नका हो! मागे राहिलेल्या लेकराला सांभाळायला गावाने एक बाई मानधनावर ठेवली, तर ती माउली नक्की थांबेल.

घरी आल्यावरही मुलाला दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यायचं असतं. पावसाळ्यात, एसटी नसलेल्या वाडीवरून, कडेवर मूल घेऊन. त्या जीपचं भाडं ग्रामपंचायतीने द्यावं. दोन महिने घरपोच अंडी, दूध, शेंगदाण्याचे लाडू द्यावेत. बचत गटातल्या बायका हे लाडू आनंदाने वळतील.

या निधीतून सतरंज्या आणि भांडी घेतलेली मी पाहिली आहेत. त्यांचीही गरज असेल, पण आधी बाळंतीण.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. बायांनो, त्या सभेला जा. गेल्या वर्षी 10 टक्क्यांचे किती रुपये झाले आणि ते कशावर गेले, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, विचारा. आशाताई आणि अंगणवाडीताईंकडून गावातल्या बाळंतिणी आणि लाल पट्टीतली मुलं किती आहेत ते समजून घ्या. त्यांच्यासाठी काय खर्च करायचा याचा ठराव तिथेच लिहून घ्या आणि पुढे ग्रामसभेत तो वाचून दाखवायला सांगा.