'सर्कस मॅक्सिमस': बसायचं कुठे, ऐकायचं काय

[दृश्य: रिकामं सभागृह. मंचावर खुर्च्या मांडलेल्या. कॅमेरा वर जातो. बाल्कनीच्या कठड्यालगतही नोटेशनचे स्टँड.]

अमेरिकन संगीतकार जॉन कोरिलियानो यांची तिसरी सिंफनी, 'सर्कस मॅक्सिमस', ऐकायला जायचं तर खुर्ची विचार करून निवडावी लागते. कारण वादक सगळे मंचावर नसतातच. एक मोठा बँड समोर. दुसरा बाल्कन्यांमध्ये, तुकड्यातुकड्यांनी श्रोत्यांच्या भोवती. आणि तिसरा, छोटासा, ऐन भरात खुर्च्यांमधल्या वाटेने वाजवत चालत येतो.

ही रचना पहिल्यांदा वाजली फेब्रुवारी २००४ मध्ये, अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात. वादक टेक्सास विद्यापीठाच्या विंड एन्सेम्बलचे, म्हणजे फुंकवाद्यांच्या आणि तालवाद्यांच्या ताफ्यातले, कंडक्टर जेरी जंकिन. कोरिलियानो न्यूयॉर्कचे, जन्म १९३८. आधीच्या, दुसऱ्या सिंफनीला २००१चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालेलं. वाद्यं आपल्याला नवी नाहीत: क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन, साइड ड्रम. लग्नाच्या वरातीत आपण ती ऐकतोच. वरातीत मात्र बहुतेकजण एकच चाल धरतात. इथे शेजारीशेजारी बसलेल्या दोघांची ओळसुद्धा वेगळी असू शकते.

[दृश्य: रोममधलं सर्कस मॅक्सिमसचं मैदान, आजचं.]

नाव रोममधल्या रथशर्यतींच्या मैदानाचं. तिथली गर्दी आणि रिमोट हातात घेऊन चॅनेलमागून चॅनेल बदलणारे आजचे प्रेक्षक, यांत कोरिलियानोंना एकच भूक दिसते. म्हणून आठपैकी तिसऱ्या भागाचं नावच 'चॅनेल सर्फिंग'. एक संगीत सुरू होतं, रंगात येण्याआधीच सभागृहाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून भलतंच काही येऊन ते तोडतं. सूर हरवला म्हणून इथे गोंधळायचं कारण नाही. तोडणं हाच इथला मजकूर आहे.

पूर्ण रचना साधारण पस्तीस मिनिटांची, मध्ये न थांबणारी. भाग कधी बदलला हे टाळ्यांवरून कळत नाही, कानानेच ओळखावं लागतं. सुरुवातीला चहूबाजूंनी ट्रंपेट आणि तालवाद्यं. दुसऱ्या भागात बाल्कनीतून सॅक्सोफोनचे लाडिक, भुरळ घालणारे स्वर. चौथ्यात रानातली रात्र, पाचव्यात शहरातली.

[दृश्य: सभागृहाचा आडवा नकाशा. मंचापासून बाल्कनीपर्यंत एक रेघ.]

आता खरी अडचण, म्हणजे अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवरच्या बाल्कनीत तो पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. बाल्कनीतल्या ट्रंपेटवाल्याने मंचावरचं ऐकून वाजवलं, तर तो तितका मागे पडला. त्याचा आवाज परत कंडक्टरपर्यंत यायला आणखी तेवढाच वेळ. एकूण सेकंदाचा पाचवा भाग. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा घसरली! मंचावरचे वादक मग त्याला धरायला हळू होतात, आणि लय मंदावत जाते. म्हणून लांबच्या वादकांना नियम एकच: कान बाजूला ठेवा, कंडक्टरच्या हातावर वाजवा. शेजारच्या सहकाऱ्याशी जुळवून घेण्याची वर्षानुवर्षांची सवय तालमीत मोडावी लागते, आणि ती सहजासहजी मोडत नाही.

श्रोत्यालाही हे अंतर ऐकू येतं. बाल्कनीच्या ट्रंपेटशेजारी बसलात तर मंच कायम उशिरा बोलतोय असं वाटेल. बाल्कनीच्या छताखाली, मागच्या रांगांत बसलात तर वरच्या ट्रंपेटची धार वाटेतच अडते. उंच स्वर आडोशाला वळसा घालून फारसे येत नाहीत. आमचं मत: तळमजला, मधल्या रांगा, छताच्या बाहेर. चालता बँड कानाशी यावा असं वाटत असेल तर वाटेलगतची खुर्ची. पण तो येतो सहाव्या भागात, 'सर्कस मॅक्सिमस' याच नावाच्या. तेव्हा मंच आणि बाल्कन्याही पूर्ण ताकदीने वाजत असतात. आवाज सोसणार नसेल तरी कानात फोमचे बोळे घालू नका. ते उंच स्वर जास्त खातात आणि ट्रंपेटचं घोंगडं होतं. संगीतकार वापरतात ते फिल्टरचे बोळे उंच-खालच्या सगळ्या स्वरांचा आवाज सारखा उतरवतात.

[दृश्य: पियानोच्या पट्ट्या, दोनच स्वरगट पुन्हा पुन्हा.]

त्या कल्लोळानंतर सातवा भाग, 'प्रेयर'. सगळ्या रचनेत हाच ऐकायला सर्वांत सोपा, आणि बांधणीत सर्वांत हुशार. मध्यमावरचा स्वरगट, मग षड्जावरचा: म-ध-सा, सा-ग-प. चर्चमध्ये प्रार्थनेअखेर 'आमेन' म्हणतात तीच ही उतरण. इथे ती संपत नाही. षड्ज बदलतो, पुन्हा तीच उतरण, पुन्हा नवा षड्ज. असं बाराही स्वरांवरून फिरणं चालतं. मंचावरचा स्वरगट विरायच्या आत पुढचा भोवतालच्या ट्रंपेटमधून उमटतो. यावरून एक लांब, संथ धून चढत जाते. पहिल्यांदा धून ऐका. दुसऱ्यांदा तिला सोडून फक्त खालची उतरण मोजा.

रचनेचा शेवट, म्हणजे आठव्या भागाचा, बंदुकीच्या बाराने होतो. शॉटगन खरी, काडतूस कोरं. ती कुठून उडवायची, तोंड कुठे, परवानगी कोणाची, हे सगळं आधी ठरवावं लागतं, आणि प्रेक्षकांना दारातच सूचना द्यावी लागते. मोठ्या आवाजाला कानाचा स्नायू आखडून बचाव करतो, पण त्याला सेकंदाचा काही अंश लागतो. बार त्याआधीच संपलेला असतो. लहान मुलांना पुढच्या रांगांत बसवू नये ते यासाठी.

घरी ऐकणार असाल तर जंकिन यांच्याच संचालनातलं, नॅक्सॉस या कंपनीचं ध्वनिमुद्रण आहे. दोन स्पीकरवर भोवतालचा बँडही समोरूनच येतो, तेवढं सोसावं लागतं. आवाज पहिल्या भागावर लावा आणि पुढे बटणाला हात लावू नका. रानातल्या रात्री काही ऐकू येत नाही म्हणून वाढवलात, तर शहरातल्या रात्रीचे भोंगे शेजाऱ्यांना उठवतील.